जांभळाचं सरबत: मागच्या वर्षी मी चुकलो, यंदा माप नीट घेऊ



आजचा संदेश फवारणीचा नाही आणि खताच्या डोसचाही नाही. जरा लांब आहे, त्यामुळे दुपारी जेवण झाल्यावर नाहीतर रात्री निवांत वाचा. पण याच आठवड्यात वाचा, कारण जांभूळ कुणासाठी थांबत नाही. झाडाखाली सडा पडायला लागला की दोन-तीन आठवड्यांत सगळा खेळ संपतो. तोडलेलं फळ घरात दोन दिवसही धड राहत नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या आपल्या सभासदांकडे बांधाला, ओहोळाच्या कडेला जांभळं आहेतच. दिंडोरी-निफाडकडेही जुन्या विहिरीजवळ एखादं झाड असतंच. पोरं खातात, पाखरं खातात, थोडी टोपलीत भरून रस्त्यावर विकली जातात आणि बाकीची पायाखाली जातात. त्या बाकीच्या जांभळांचं सरबत कसं करायचं ते आज सांगतो. दुकानात याला स्क्वॅश म्हणतात. इंग्रज लोक त्यांच्या परसातल्या प्लमचं, म्हणजे आलुबुखाराचं, असंच सरबत करून ठेवतात आणि त्याला कॉर्डियल म्हणतात. आपल्या जांभळालाही इंग्रजीत ‘जावा प्लम’ असंच नाव आहे. खरं तर जांभळाचं नातं आलुबुखाराशी नसून लवंगेशी आहे, दोघं एकाच कुळातले. असो.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं नीट लक्षात राहील.

*छत्तीस बाटल्या*

मागच्या जूनमध्ये आपल्या एका सभासद ताईंनी मला फोन केला. त्यांनी आणि त्यांच्या जावेने मिळून जांभळाचं सरबत केलं होतं, चव छान जमली होती. श्रावणात त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असते, तेव्हा रस्त्याकडेला टेबल लावून विकायचा विचार होता. तोपर्यंत टिकायला काय घालू, असं विचारत होत्या. मी त्या वेळी एका प्लॉटवर होतो, घाईत होतो. लिंबाच्या आणि आवळ्याच्या सरबताला जे सांगतो तेच सांगून मोकळा झालो: केएमएस घाला, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट.

आठ दिवसांनी परत फोन. “सर, रंग कुठं गेला?”

जाऊन बघितलं तर छत्तीस बाटल्या ओळीने उभ्या होत्या आणि आतमध्ये फिकट, धुतलेल्या साडीच्या पाण्यासारखा रंग. झाकण उघडलं की काडेपेटी पेटवल्यासारखा वास. सरबत खराब झालं नव्हतं, पण जांभळा रंग नसलेलं जांभळाचं सरबत कोण घेणार? श्रावणात त्यांनी टेबल लावलं तेव्हा गिऱ्हाईक बाटली उजेडात धरून बघायचं आणि परत ठेवायचं. निम्म्याहून जास्त बाटल्या घरी आल्या आणि पाहुण्यारावळ्यांना वाटून संपल्या. साखरेचे पैसे मी देतो म्हटलं तर ताई म्हणाल्या, “पैसे नको सर, पुढच्या वर्षी बरोबर सांगा.”

म्हणून हा संदेश.

खरं तर हे मला कळायला हवं होतं आणि तुमच्यातल्या प्रत्येक द्राक्षवाल्यालाही हे माहीत आहे. पेटी भरताना वर आपण जो ग्रेप गार्डचा कागद ठेवतो, त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो आणि बुरशी रोखतो. पण कागद जास्त तापला, ओला झाला, वायू जास्त सुटला, की देठाजवळ मण्याचा रंग उडतो. काळ्या द्राक्षाच्या पेटीत तर ते लगेच डोळ्यात भरतं. केएमएसमधूनही तोच वायू निघतो. जांभळाचा, काळ्या द्राक्षाचा, डाळिंबाचा, करवंदाचा, स्ट्रॉबेरीचा लाल-जांभळा रंग एकाच जातीच्या रंगद्रव्यांचा आहे आणि सल्फर डायऑक्साइड त्या रंगद्रव्याला चिकटून त्याला बिनरंगी करून टाकतो. लिंबू, आवळा, आंबा, अननस यांत तो रंग नसतो, त्यामुळे तिथे केएमएस चालतं. लाल-जांभळ्या फळाला सोडियम बेंझोएट वापरायचं. सटाणा, देवळा, मालेगावकडचे जे सभासद डाळिंबाचा रस काढतात त्यांनीही हे लिहून ठेवा.

*कोणत्या झाडाची जांभळं घ्यायची*

हा मुद्दा तुम्हाला सरबताच्या पुस्तकात सापडणार नाही, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात आधी हाच. खरड छाटणी होऊन बागेत नवी फूट आलेली असते. जूनमध्ये सीसीसी, सिक्स बीए, बुरशीनाशकं असं काही ना काही चालूच असतं. ब्लोअरचा फवारा बांधावर थांबत नाही. बागेच्या शेवटच्या ओळीला लागून जांभळाचं झाड असेल, तर त्या झाडावर काय काय पडलंय हे तुम्हालाही सांगता येणार नाही. निर्यातीच्या द्राक्षाला आपण रेसिड्यूची तपासणी करतो, पीएचआय मोजतो. आणि घरातल्या लेकराला द्यायच्या सरबताला काहीच नाही? अशा झाडाची फळं घेऊ नका, धुतल्याने सगळं निघून जातं या भरवशावरही राहू नका. ओहोळाकडचं, माळावरचं, देवळाजवळचं झाड बघा.

दुसरं, झाडावर चढू नका. जांभळाची फांदी दिसायला जाड असते, पण ठिसूळ असते, वाकून इशारा देत नाही, सरळ काडकन मोडते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात कोणीतरी पडतं. चार जणांनी जुनी साडी किंवा शेडनेटचा तुकडा चारी कोपरे धरून ताणायचा आणि एकाने खालून लांब काठीच्या आकड्याने फांदी हलवायची. पिकलेलं फळ लगेच सुटतं, कच्चं वरच राहतं. निवडायचंही काम वाचतं. जमिनीवर आधीच पडलेली फळं गोळा करू नका, त्यांना माती लागलेली असते आणि आत आंबणं सुरू झालेलं असतं.

पाऊस एकदा जोरात झाला की फळं उलतात, फळमाशीच्या अळ्याही वाढतात. निवडताना भोक पडलेलं, चिरलेलं, पाखरानं किंवा वटवाघळानं टोचलेलं फळ बाजूला काढा. अर्धं चांगलं आहे म्हणून ठेवू नका. राहिलेली फळं मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. आत अळी असेल तर बाहेर येते. मग साध्या पाण्यात दोनदा धुवा.

*रस काढणं*

स्टीलचं पातेलं घ्या. लोखंडी कढई नको, लोखंड लागलं की रंग काळपट होतो. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ-तांबं नको, आंबट रस धातू खातो.

धुतलेली जांभळं पातेल्यात घ्या, किलोला अर्धी वाटी पाणी पुरे. मंद आचेवर ठेवून लाकडी रवीनं किंवा स्टीलच्या पावभाजी मॅशरनं दाबत राहा. उकळी आणायची नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले आणि वाफ नीट यायला लागली की आच बंद. थर्मामीटर असेल तर 70 अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढ्या उष्णतेने सालीतला रंग रसात उतरतो. साल गार असताना पिळली तर निम्मा रंग चोथ्यातच राहतो. याउलट खळाखळा उकळलं तर वास उडतो आणि काकवीसारखा शिजका स्वाद येतो.

मिक्सर लावू नका. बी फुटलं की तुरटपणा असा येतो की कितीही साखर घाला, जीभ आखडतेच.

कोमट झाल्यावर स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळा. कापड पिळलं तर रस जास्त निघतो पण गढूळ येतो. घरासाठी पिळा, विकायचं असेल तर टांगून आपोआप गळू द्या आणि गाळलेला रस रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वरचा वर ओतून घ्या, तळाचा गाळ राहू द्या. साधारण दोन किलो जांभळांतून एक किलो रस हाती येतो. झाडाझाडाप्रमाणे कमी-जास्त होईल, कारण आपल्याकडची बरीच झाडं बियांपासून उगवलेली आहेत, गर कमी आणि बी मोठं. कोकणातल्या बहाडोलीसारखं टपोरं फळ असेल तर जास्त निघेल.

*माप*

पूर्वापार आपण वाटीच्या मापाने सरबत करतो आणि ते आठ दिवसांत संपतं, तोवर काही बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर वजन करावंच लागेल. एक किलो गाळलेल्या रसाला हे प्रमाण:

साखर 1 किलो 200 ग्रॅम
पाणी 770 ग्रॅम, म्हणजे पाऊण लिटरपेक्षा किंचित जास्त
सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, 30 ग्रॅम
सोडियम बेंझोएट 1.8 ग्रॅम

सगळं मिळून तीन किलो होतं. 750 मिलीच्या तीन बाटल्या भरून पेलाभर उरतं, तो घरच्यांनी चाखायचा.

हे प्रमाण हवेतून आणलेलं नाही, त्याचा हिशेब सांगतो म्हणजे तुम्हालाही बदल करता येईल. पिकलेल्या जांभळाच्या रसाचा ब्रिक्स मी 12 धरलाय, म्हणजे किलोभर रसात 120 ग्रॅम विद्राव्य घटक. त्यात 1200 ग्रॅम साखर आणि 30 ग्रॅम लिंबूसत्व मिळवलं की 1350 ग्रॅम झाले. तीन किलोत 1350 म्हणजे बरोबर 45 टक्के. स्क्वॅशमध्ये कमीत कमी 25 टक्के रस आणि 40 टक्के विद्राव्य घटक असावेत असं प्रमाण आम्हाला शिकवलंय. मी रस एक तृतीयांश ठेवलाय, कारण 25 टक्क्याला जांभूळ मला फिकं वाटतं आणि फळ तर आपल्या घरचंच आहे.

तुमच्या रसाचा ब्रिक्स 12 नसेल, पावसानंतरच्या फळाचा 10 भरला, तर किलो रसाला 20 ग्रॅम साखर वाढवा आणि तेवढंच पाणी कमी करा. एवढाच फरक.

आता ब्रिक्स कशाने मोजायचा? द्राक्षवाल्यांच्या घरात रिफ्रॅक्टोमीटर पडलेलाच असतो, तोडणीच्या वेळी खिशात घेऊन फिरतो तोच. फक्त एक अडचण आहे. आपल्याकडच्या बहुतेक रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी 32 पर्यंतच असते आणि सरबत आहे 45 चं. नुसता थेंब ठेवला तर सगळं निळं-पांढरं दिसेल आणि रेघच सापडणार नाही. त्यावर उपाय सोपा: काट्यावर 20 ग्रॅम सरबत आणि 20 ग्रॅम पाणी घ्या, नीट ढवळा, गार होऊ द्या, मग थेंब ठेवा. जो आकडा येईल त्याची दुप्पट करा. 22-23 आला म्हणजे तुम्ही बरोबर जागी आहात. 20 आला तर सरबत 40 चं झालंय, म्हणजे तीन किलोला साधारण 270 ग्रॅम साखर अजून हवी.

रिफ्रॅक्टोमीटर चालेल, पण फवारणीच्या खोलीतलं दुसरं काहीही स्वयंपाकघरात आणू नका. औषधं मोजायचा काटा, मोजपात्र, बादली, पीएचचा पेन, काहीच नको. कितीही धुतलं तरी नको. बेंझोएट मोजायला सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा वेगळा घ्या, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. ऑनलाइन थोडक्यात मिळतो. बेंझोएट ‘चिमूटभर’ किंवा ‘अर्धा चमचा’ अंदाजाने घालू नका. स्क्वॅशसाठी बेंझोइक आम्लाची मर्यादा किलोला 600 मिलिग्रॅम अशी आम्ही शिकलो. वर दिलेलं 1.8 ग्रॅम त्या मर्यादेच्या आत बसतं. जास्त घातलं म्हणून जास्त टिकतं असं नाही, घशात मात्र चरचरतं. आणि पाकिटावर ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं असेल तेच घ्या.

*करायचं कसं*

पाणी आणि साखर एकत्र उकळा. साखर विरघळून एक उकळी आली की लिंबूसत्व घाला, मळी वर येईल ती काढा आणि पाक कापडातून गाळा. पाक पूर्ण गार झाल्यावरच त्यात रस मिसळा, गरम पाकात ओतला तर वास जातो. बेंझोएट दोन-तीन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवून शेवटी घाला आणि दोन मिनिटं ढवळत राहा. कोरडी पूड टाकली तर ती एका बाटलीत जास्त आणि एका बाटलीत शून्य अशी जाते. मग एक बाटली फसफसते आणि आपण म्हणतो बेंझोएट बनावट होतं.

बाटल्या काचेच्या. आधी साबणाने धुवून मग पंधरा-वीस मिनिटं पाण्यात उकळून, पालथ्या घालून पूर्ण वाळवा. झाकणं नवीन घ्या. भरताना वर बोटभर जागा सोडा. जुन्या दारूच्या बाटल्या घरात वापरल्या तर तुमची मर्जी, पण विक्रीला नको. प्यायच्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तर दोन्हीकडे नको.

इथे दोन गैरसमज आहेत, गावोगाव ऐकतो. पहिला: ‘साखर भरपूर घातली की टिकतं.’ नुसत्या साखरेवर टिकायचं असेल तर 65 च्या पुढे ब्रिक्स लागतो, म्हणजे घट्ट सिरप. आपलं सरबत 45 चं आहे, तिथे यीस्ट आरामात जगतं. यीस्ट कुठून येतं? फळाच्या सालीवरून, हवेतून, ओल्या बाटलीतून. नाशिकमध्ये रस आंबवायच्या टाक्या कमी नाहीत, तिथे ते हवंच असतं, पण आपल्या फडताळात नको. बंद बाटलीत रस आंबला की वायू साठतो आणि काच फुटते. माझ्या स्वतःच्या घरी एकदा रात्री दोन वाजता अशी बाटली फुटली होती. आई चोर आला म्हणून उठली. सकाळी भिंतीवरचे डाग घासले ते अजून पूर्ण गेलेले नाहीत. ती बाटली मी बेंझोएट न घालता, नीट न तापवता, ‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे’ म्हणून भरली होती.

दुसरा गैरसमज: ‘बेंझोएट घातलंय, मग लिंबूसत्व कशाला, आंबट होतं.’ बेंझोएट आंबट रसातच काम करतं. आंबटपणा कमी केला तर तेच बेंझोएट निम्मंही उपयोगी पडत नाही. लिंबू पिळलं तर चालेल का, असंही विचारतात. घरासाठी चालेल, पण लिंबाचा आंबटपणा लिंबागणिक बदलतो, लिंबूसत्व तोलता येतं.

ज्यांना बेंझोएट नकोच आहे, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. तेच सरबत बेंझोएट न घालता बाटल्यांत भरा, मोठ्या पातेल्याच्या तळाला जाड फडकं घाला, बाटल्या उभ्या ठेवा आणि गळ्यापर्यंत कोमट पाणी ओता. झाकणं सैल ठेवून पाणी हळूहळू तापवा. पाणी 80-85 अंशांवर आलं की अर्धा तास तिथेच राखा, मग झाकणं घट्ट करा आणि बाटल्या कापडावर ठेवून आपोआप गार होऊ द्या. गरम बाटली ओल्या ओट्यावर ठेवली तर तडकते. ही बाटली बंद असेपर्यंत टिकते, उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून आठ-दहा दिवसांत संपवायची.

प्यायला एक भाग सरबत, तीन भाग गार पाणी. चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड मला आवडते, आमच्या घरी त्यावरून दोन पक्ष आहेत.

*साखरेच्या रुग्णांनो, थांबा*

हे लिहिताना मला माझे आजोबा आठवतात. त्यांना मधुमेह होता आणि जांभूळ साखरेवर औषध आहे असं त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. घरी सरबत केलं की रोज दोन पेले घ्यायचे आणि वर आम्हालाच सांगायचे, हे माझं औषध आहे. पुढच्या तपासणीत साखर बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, नवीन काय सुरू केलंत?

हिशेब साधा आहे. एका पेल्यात साधारण 50 मिली सरबत जातं, त्याचं वजन 60 ग्रॅम आणि त्यात 27 ग्रॅम साखर. पाच चमचे साखर कपात घालून कुणी मधुमेहाच्या माणसाला चहा देईल का? जांभळाच्या बियांवर अभ्यास होत असतात, बियांची पूडही विकली जाते, पण तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी डॉक्टरांची गोळी बंद करू नये. विकायला बसाल तेव्हा तोंडाने किंवा लेबलवर ‘मधुमेहावर गुणकारी’ असं म्हणू नका. ते कायद्यातही बसत नाही आणि ऐकणारा माणूस कुणाचा तरी बाप असतो.

*विकायचं असेल तर*

आपली कंपनी या वर्षी सरबत खरेदी करणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो, उगाच आशेवर राहू नका. पण ज्या गटांना स्वतः विकायचंय त्यांनी आधी एफएसएसएआयची नोंदणी काढा. छोट्या घरगुती उत्पादकाला साधी नोंदणी असते, ऑनलाइन फॉसकॉसवर अर्ज होतो, फी जास्त नाही. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन आलात तर ऑफिसमध्ये अर्ज भरून देऊ. बेंझोएटचं प्रमाण आणि लेबलचे नियम त्याच वेळी एकदा तपासून घेऊ, नियम बदलत असतात. लेबलवर नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरावं, तुमचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. सोडियम बेंझोएट वापरलं असेल तर परिरक्षक म्हणून त्याचा उल्लेख हवा, त्याचा क्रमांक 211 आहे. लपवू नका.

खर्चाचा अंदाज स्वतःच्या भावाने काढा. साखर 45 रुपये किलो धरली तर तीन बाटल्यांना 54 रुपयांची साखर लागते. त्यात बाटली, झाकण, लेबल, गॅस, लिंबूसत्व आणि मुख्य म्हणजे तुमची मजुरी घाला. जांभळं गोळा करणं, निवडणं, गाळणं यात दोन बायांचा अख्खा दिवस जातो. ती मजुरी शून्य धरली तर सगळंच फायद्याचं दिसतं. मागच्या वर्षी मी हिशेब मागितला तेव्हा बहुतेक वह्यांत मजुरीचा रकानाच नव्हता.

आणि एक सवय लावा, पॅक हाउसला आपण राखीव नमुना ठेवतो तशी. प्रत्येक घाण्याची एक बाटली विकायची नाही. तारीख टाकून फ्रीजबाहेर, अंधाऱ्या कपाटात ठेवायची आणि आठवड्याला एकदा बघायची. झाकण फुगलं, बुडबुडे दिसले, वर पांढरा पापुद्रा आला, आंबूस वास आला, तर त्या घाण्याच्या सगळ्या बाटल्या परत आणा आणि ओतून द्या. परत उकळून गार करून विकायचं मनात आणू नका.

मागच्या वर्षीच्या त्या ताई यंदा परत करतायत. परवा त्यांच्याकडे जाऊन आलो, पहिल्या घाण्याच्या बाटल्या भरल्यात. एक बाटली माझ्या टेबलावर आहे. आज नववा दिवस, रंग अजून शाईसारखा आहे. मी रोज उजेडात धरून बघतो.

येत्या गुरुवारी दुपारी दोन ते पाच मी संकलन केंद्रावर असेन. तुमच्या सरबताची छोटी बाटली घेऊन या, ब्रिक्स मोजून देतो. बेंझोएटचं पाकीट घेतलं असेल तर तेही आणा, फूड ग्रेड आहे का ते बघू. पाऊस जोरात असला तर शुक्रवारी त्याच वेळेला.

– तुमचा कृषी सल्लागार